फ्रीजमध्ये कच्ची कुठली, उकडलेली कुठली? घरातल्या अंड्यांच्या गमतीजमती

गवतफुला:

आमच्याकडे सध्या रोज सकाळी ओट्यावर एक खेळ चालतो, तो सांगायलाच हा धागा काढलाय. नवरा रात्री अंडी उकडून ठेवतो, सकाळी घाई नको म्हणून, आणि गार झाली की गपचूप त्याच ट्रेमध्ये कच्च्यांच्या शेजारी लावून टाकतो. दिसायला सगळी सारखीच. मग ऑम्लेटसाठी घेतलेलं अंडं आपटलं की नुसता टक्क आवाज येतो, आतून काही बाहेर पडायचं नाव नाही, आणि डब्यासाठी सोलायला घेतलेलं नेमकं कच्चं निघून बोटांतून ओघळतं. यावर लेकीने शाळेतून उपाय शिकून आणला. अंडं ओट्यावर आडवं ठेवायचं आणि गरकन फिरवायचं. उकडलेलं मस्त वेगात फिरतं, कच्चं डुलत डुलत कसंबसं. आणि खरी मजा पुढेच आहे, फिरत्या अंड्यावर बोट टेकवून क्षणभर थांबवायचं आणि लगेच बोट उचलायचं. उकडलेलं गप्प पडून राहतं पण कच्चं हळूच परत फिरायला लागतं! कवच थांबलं तरी आतला द्रव फिरतच असतो ना, तोच कवचाला परत ओढून नेतो.

आता सासरे रोज खुर्ची ओढून ओट्याशेजारी बसतात आणि लेकीने अंडं हातात घेतलं की आधीच निकाल देतात, "कच्चं", "हेही कच्चं", "हे बघ उकडलेलं". बरोबर आलं की टाळी, चुकलं की ही "आजोबा आउट" म्हणून घर डोक्यावर घेते. सासूबाई म्हणतात अरे पेन्सिलीने खूण करा की, दोन मिनिटांचं काम. पण ते कोणालाच नकोय, खेळच संपेल ना मग.

तुमच्याकडे अंड्यांवरून काय काय चालतं ते येऊ द्या.

रातकिडा:

आजोबा आउट!! हाहाहा, कसले गोड आहेत. 

आमच्या आईची पद्धत वेगळी. ती उकडताना पाण्यात कांद्याची कोरडी सालं टाकते, कवचाला छान तांबूस रंग चढतो, लांबूनच कळतं उकडलेलं आहे ते. कोणाला काही विचारावं लागत नाही. फक्त मामा राहायला आला तेव्हा त्याने ती रंगीत अंडी बघून "ताई, ही कुठल्या वेगळ्या जातीच्या कोंबडीची गं?" म्हणून विचारलं आणि आईने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, उकडलेलीच अंडी देते ती कोंबडी. मामा दोन सेकंद खरंच विचारात पडला होता.

पाऊलवाट:

मस्त धागा गवतफुला. 

आमच्या घरातला कायमचा वाद म्हणजे सोलणं. बाबांचा हट्ट की अंडी एकदम ताजी पाहिजेत, आजची म्हणजे आजचीच. आई म्हणते ऑम्लेटला, हाफ फ्रायला ताजी घ्या, पण उकडायची असतील तर जरा जुनी बरी. बाबा ऐकत नाहीत, ताजी उकडतात आणि मग सोलायला बसतात. कवचाच्या प्रत्येक कपच्यासोबत पांढऱ्याचा लचका निघून येतो, शेवटी हातात जे उरतं ते चंद्रासारखं दिसतं, सगळीकडे खड्डेच खड्डे. आई शेजारी बसून तिची गुळगुळीत अंडी एकेक करून बशीत ठेवत जाते, एक शब्द बोलत नाही. तेच बाबांना जास्त लागतं.

आणि यात आईच बरोबर आहे, मी मुद्दाम वाचून काढलं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा पीएच (म्हणजे आम्ल-अल्कली किती ते सांगणारा आकडा) ८ च्या खालीच असतो आणि उकडलं की ते कवचाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं. अंडं ठेवलं की कवचाच्या बारीक छिद्रांतून तो वायू निघून जातो, पीएच ९ च्या वर चढतो आणि चिकटणं कमी होतं. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खड्डे पडलेल्या अंड्याला मीठ-मिरपूड जास्त धरते. आता यावर काय बोलणार :)

झुळूक:

पाऊलवाट, आईंना माझा नमस्कार सांगा, पण ताजी अंडी पण सुटतात हो छान! सगळी गंमत सुरुवातीच्या पाण्यात आहे. गार पाण्यात अंडी टाकून मग गॅस लावला की पांढरं सावकाश तापतं आणि पापुद्र्याला धरून बसतं. पाणी आधी खळखळ उकळू द्या, मग गॅस बारीक करून चमच्याने एकेक अंडं अलगद सोडा, ११-१२ मिनिटं ठेवा आणि काढलं की लगेच गार पाण्यात. सोलताना आधी रुंद बाजू ठोका, तिथे आत हवेची पोकळी असते, बोट तिथूनच आत शिरतं, आणि पाण्याच्या वाटीत बुडवूनच सोला. माझ्या जाऊबाईंना हे दाखवलं तर त्या इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी घरातली सगळीच्या सगळी अंडी उकडून सोलून झाली, मग दोन दिवस तिन्ही त्रिकाळ तेच.

निवांत:

झुळूक ताई, फ्रीजमधलं गार अंडं उकळत्या पाण्यात सोडलं तर तडकत नाही का?

झुळूक:

एखादं तडकतं की. म्हणून मी पाण्यात मीठ घालते. मिठाने तडकायचं थांबत नाही पण बाहेर आलेलं पांढरं तिथल्या तिथे गोठतं, पाणीभर पसरत नाही. आणि ते शेपूट आलेलं अंडं आमच्याकडे धाकट्यालाच लागतं, दुसऱ्या कोणी घेतलं तर भोकाड.

टिकटिक:

आमचे आजोबा अंडी गॅसवर ठेवतात आणि पेपर वाचायला बसतात. शब्दकोडं सुटेपर्यंत गॅस बंद होत नाही, म्हणजे कोडं सोपं असलं तर अंडी बरी, अवघड असलं तर बलकाभोवती हिरवट काळपट कडं. सुट्टीत भाचा आला होता, त्याने अंडं अर्धं कापलं आणि ते कडं बघून एकदम ओरडला, "आजोबा याला बुरशी आलीये!" आजोबा शांतपणे म्हणाले, "बुरशी नाही रे, अठरा आडवा."

(ते कडं निरुपद्रवी असतं. जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो बलकातल्या लोहाला भेटतो आणि पृष्ठभागावर आयर्न सल्फाइडचा थर बसतो. वेळेवर काढून गार पाण्यात टाकलं की येत नाही.)

गवतफुला:

अठरा आडवा!!! टिकटिक, हे मी सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते हसून हसून खोकायला लागले.

मनमौजी:

आता आमचा किस्सा ऐका. भाऊ इंजिनिअर आहे आणि घरात काहीही करायचं तर आधी शोधनिबंध. २०२५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अंडं उकडायची एक पद्धत मांडली ना, अंडं २ मिनिटं १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात, मग २ मिनिटं ३० अंशांच्या पाण्यात, परत उकळत्यात, असं आलटून पालटून एकूण ३२ मिनिटं. पांढरं आणि बलक वेगवेगळ्या तापमानाला शिजतात, त्यामुळे एकाच पाण्यात दोन्ही मनासारखे होणं अवघड, आणि या पद्धतीत बाहेरचं पांढरं गरम-गार होत राहतं पण आत मध्यावर तापमान ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतं असं ते सगळं आहे.

तर रविवारी सकाळी भावाने सगळ्यांना कामाला लावलं. एका शेगडीवर उकळतं पातेलं, शेजारी कोमट पाण्याचं पातेलं, त्यात थर्मामीटर धरून वहिनी उभी, मोबाइलवर टायमर लावून पुतणी उभी, आणि माझ्याकडे झारा. टायमर वाजला की पुतणी ओरडणार "बदल!" आणि मी अंडी झाऱ्याने उचलून या पातेल्यातून त्या पातेल्यात. वहिनी मध्येच "एकतीस झालं, एकतीस झालं, गार घाला" म्हणून किंचाळणार. बाबा दारातून विचारतायत, आग लागली का कुठे. आणि आई त्या वेळात दुसऱ्या शेगडीवर सगळ्यांचा नाश्ता करून, वाढून, स्वतः खाऊन मोकळी झाली.

पण एक सांगते, अंडी अप्रतिम झाली होती. पांढरं व्यवस्थित घट्ट, रबरासारखं नाही, आणि बलक पूर्ण शिजलेला पण पसरता येईल इतका मऊ. भाऊ अंडं कापून नुसता त्याच्याकडे बघत बसला होता. आईने एक घास खाल्ला, म्हणाली छान आहे रे, पण पुढच्या वेळी मला चहा ठेवायला एक शेगडी सोडा.

काजवा:

मनमौजी, तुमच्या भावाला २०१५ चं इग नोबेलही सांगा, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ना, ते गमतीशीर बक्षीस! रसायनशास्त्राचं त्या वर्षीचं बक्षीस उकडलेलं अंडं थोडंफार परत 'कच्चं' करण्याच्या कामाला मिळालं होतं. उकडताना पांढऱ्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून त्यांचा गुंता होतो, तो युरिया घालून आणि यंत्रात जोरात फिरवून सोडवायचा. गंमत वाटते पण प्रथिनांवर काम करणाऱ्यांना त्याचा खरंच उपयोग आहे.

मनमौजी:

सांगितलं. आई शेजारीच होती. म्हणाली, बत्तीस मिनिटं उकडायचं आणि मग परत कच्चं करायचं? जा, बाहेर जाऊन खेळा सगळे.

काजवा:

हाहाहा, आईंना तोड नाही.

आमच्याकडे गोलू नावाचं अंडं होतं काही दिवस. मोठ्या मुलाला शाळेच्या प्रयोगासाठी कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये ठेवायचं होतं. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, व्हिनेगरमध्ये टाकल्या टाकल्या त्यावर बारीक बुडबुडे धरतात आणि अंडं ग्लासात वर खाली करायला लागतं. धाकटा तासभर ग्लासाला नाक लावून बसला होता, त्याच्या मते ते श्वास घेत होतं. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदललं आणि त्याच्या पुढच्या सकाळपर्यंत कवच गायब, उरलं नुसतं पापुद्र्यातलं अंडं, लिबलिबीत, उजेडासमोर धरलं की आतला बलक हलताना दिसतो. हातात घेतल्यावर अंगावर काटा येतो आणि सोडवतही नाही.

मग मोठ्याने ते साखरेच्या पाकात ठेवलं, तर आतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन ते पार सुरकुतून गेलं. धाकट्याला ते बघवेना. "गोलूला तहान लागलीये" म्हणून त्याने ते स्वतः साध्या पाण्याच्या वाटीत ठेवलं आणि रात्रीत अंडं खरंच टम्म फुगलं! म्हणजे निदान अगदी बरोबर. ऑस्मोसिस वगैरे मोठा समजावत होता पण धाकट्याचं एकच, बघ, पाणी प्यायला. नंतर आजीला दाखवायला म्हणून गोलूला तळहातावर घेऊन निघाला आणि हॉलच्या मध्यावर गोलू फुटला. आजीने त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, पोट भरलं त्याचं, आता तो निघाला. पटलं त्याला. (कच्चंच अंडं असतं ते, त्यामुळे हाताळलं की साबणाने हात धुवायला लावा पोरांना.)

उनाडवारा:

गोलू :( :)

आमच्याकडे नियम आहे, ज्याच्या अंड्यात दोन बलक निघतील त्याला त्या दिवशी भांडी माफ. तरुण, नुकत्याच अंडी द्यायला लागलेल्या कोंबड्यांमध्ये असं जास्त होतं, दोन बलक एका पाठोपाठ सुटतात आणि एकाच कवचात बंद होतात. मोठं, लांबट अंडं असलं की शक्यता जास्त. हे बहिणीला कळल्यापासून ती पहाटे उठून ट्रेमधलं सगळ्यात लांबट अंडं शोधून स्वतःच्या नावाने बाजूला ठेवते. बाबांनी आता ट्रे उजेडात बघायला बॅटरी आणलीये. अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावली की आतलं थोडंफार दिसतं, हे सगळं भांडी घासायला लागू नयेत म्हणून!

रातकिडा:

बॅटरी!! यापेक्षा भांडी लवकर होतील की रे.

उनाडवारा:

तत्त्वाचा प्रश्न आहे.

निवांत:

खाली पडलेल्या अंड्याचा विषय कोणीच काढला नाही अजून? आमच्याकडे अंडं पडलं की सगळं घर गोल करून उभं राहतं आणि प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतो, फडकं आण, पेपर आण, पाणी ओत. पाणी ओतू नका हां, आणि गरम तर मुळीच नाही, जमिनीला शिजून चिकटतं. त्यावर भरपूर मीठ भुरभुरवा, दहा एक मिनिटं तसंच सोडा, घट्टसर होतं आणि कागदाने सरळ उचलता येतं. ही दहा मिनिटं मांजरीला लांब धरून ठेवायचं काम माझ्याकडे असतं. ती माझ्या कुशीतून त्या अंड्याकडे ज्या नजरेने बघते ना, मीठ टाकणाऱ्याला आयुष्यभर माफ करणार नाही अशी.

टिकटिक:

पडण्यावरून आठवलं. भाच्याला प्रोजेक्ट होतं, अंडं न फोडता खाली टाकायचं. आम्ही सगळे ठामपणे सांगत होतो, अंडं उभं ठेव, उभं अंडं जास्त मजबूत. तो म्हणाला नाही, आडवं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २०२५ मध्ये अंडी टाकून बघितलीत त्यांनी, जेमतेम सेंटीमीटरभर उंचीवरून, आणि आडवी पडलेली कमी फुटली. उभं अंडं ताठ असतं पण आडवं जरासं दबतं आणि धक्का पचवतं. आजोबा ऐकेनात, मग परातीत एक उभं एक आडवं सोडून झालं. उभं तडकलं, आडवं तसंच. आजोबा म्हणाले ठीक आहे, पण कोपऱ्यातलं कोडं तुला सुटायचं नाही. भाच्याने तेही सोडवलं.

झुळूक:

मला विचाराल तर घरातला सगळ्यात गोड करार आमच्या मोठ्या दिरांचा आणि जाऊबाईंचा आहे. त्यांना पांढरं आवडतं, हिला बलक. लग्न झाल्यापासून दोघं उकडलेलं अंडं एकाच बशीत घेतात, न बोलता तो बलक काढून तिच्या बाजूला सरकवतो, ती पांढरं त्याच्या बाजूला. भांडण झालेलं असलं, अबोला असला तरी हे चालूच. बोलत नसतील पण बलक सरकतो. आम्हा सगळ्यांना त्यावरूनच कळतं की फार काही गंभीर नाहीये. 

पण मुलगी मोठी झाली आणि तिला बलक हवा झाला. पहिल्या दिवशी तिने मधूनच हात घालून तो पिवळा गोळा उचलला तेव्हा टेबलावर एकदम शांतता. जाऊबाई बघतायत, दीर बघतायत, ही चावतेय. आता रोज दोन अंडी उकडतात, दोन बलक दोघींचे आणि पांढरं सगळं दिरांचं. दीर म्हणतात, मी आता पांढरपेशाच झालोय.

पाऊलवाट:

किती गोड! बोलत नसतील पण बलक सरकतो, हे आईला वाचून दाखवतेय.

एक विचारायचं होतं, बाबांनी काल एक अंडं पाण्यात टाकून बघितलं, तर ते तळाशी गेलं पण उभं राहिलं, रुंद टोक वर. घरात यावरून दोन तट पडलेत, टाकायचं की ठेवायचं?

काजवा:

ठेवा की. उभं राहिलं म्हणजे जरा जुनं आहे एवढंच, आतलं पाणी आणि वायू कमी होऊन रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढलीये. अगदी वर तरंगलं तर मात्र बरंच जुनं. खराब आहे की नाही ते शेवटी वेगळ्या वाटीत फोडून वास घेतल्यावरच कळतं, वास आला की लपत नाही. आणि पाण्यात भिजवलेलं अंडं परत ट्रेमध्ये ठेवू नका, लगेच वापरून टाका.

पाऊलवाट:

थँक्यू काजवा. म्हणजे उकडायला एकदम योग्य वयाचं आहे. आई गॅस पेटवतेय, बाबा म्हणतायत सोलणार मीच.